खंडेनवमीचे एकेचाळीस तास

कंपनीच्या फाट्यावर एसटीचा थांबा नव्हता. खरा थांबा एक किलोमीटर पुढे, शिरवळ गावात. तरीही वाई-स्वारगेट गाडी रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर क्षणभर थांबायची. कारण स्टिअरिंगवर हणमंत जगदाळे असायचे, आणि त्यांच्या पोटाच्या कातडीखाली जे होतं ते ह्याच फाट्याच्या आत तयार झालेलं होतं.

"उतरा मॅडम, माझं माहेर आलं," मामा आरशात बघून म्हणाले.

मागच्या बाकावरचे दोघे हसले. हा विनोद ते दीड वर्षं ऐकत होते.

"मामा, शुक्रवारी विसरू नका," शाल्मली पायरीवरून म्हणाली. "अकरा वाजता. दिल्लीची माणसं पडद्यावर असतील, तुम्ही आमच्या सभागृहात."

"विसरतोय व्हय! रजा टाकलीय. फक्त सांगा, खाकी घालू का पांढरा शर्ट?"

"खाकीच घाला."

"मग बिल्ला पुसून ठेवतो." आणि विजेवर चालणारी ती बस आवाज न करता पुढे सरकली.

शाल्मली उपळेकर सव्वीस वर्षांची, जनुकशास्त्रातली एम.एस्सी., 'मधुकोश' कंपनीच्या तपासणी विभागात तीन वर्षं नोकरीला. जगदाळे हे चाचणीतले सतरा नंबरचे रुग्ण. नियमाप्रमाणे त्यांचं नाव तिला कळायला नको होतं. पण मामांनी स्वतःच साऱ्या गाडीला शर्ट वर करून व्रण दाखवला होता, त्याला नियम तरी काय करणार?

त्यांची गोष्टही साऱ्या गाडीला माहीत होती. चौतिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला, आणि तोही असा की शरीराचे पहारेकरी स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतात. इन्सुलिनची सुई सुरू झाली. सुई घेणाऱ्याला प्रवासी गाडी चालवता येत नाही, म्हणून मामांनी डेपोत सांगितलं नाही. आठ महिने निभावलं. मग एका दुपारी पुण्याहून येताना खंबाटकी घाटात साखर उतरली आणि तीन सेकंद त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीत बावन्न माणसं होती. काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. मामांनी वाईला गाडी लावली, डेपो मॅनेजरसमोर उभे राहिले आणि स्वतःच सांगून टाकलं. पुढची सहा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून ते दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगत राहिले. "बायको चार दिवस बोलली न्हाई," ते सांगायचे. "म्हणली, कुणी विचारलं होतं का तुमाला?"

मग बटवा आला.

कंपनीच्या कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, 'बटवा' हे नाव रुग्णांनीच पाडलं. काडेपेटीएवढी, पण कागदासारखी चपटी अशी ती पिशवी. तिच्यात लाखो जिवंत पेशी. ह्या पेशी मूळच्या कुणाच्या स्वादुपिंडातल्या नव्हत्या. एका निरोगी दात्याच्या रक्तातल्या पेशींना प्रयोगशाळेत मागे नेऊन, जणू गर्भातल्या पहिल्या दिवसांत नेऊन, 'अजून काहीच न ठरलेल्या' अवस्थेत आणलं होतं. अशी पेशी सतत विभागते, एकीच्या दोन, दोघींच्या चार. तिला पाहिजे तेवढी वाढवायची आणि मग सहा आठवडे ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं देऊन इन्सुलिन बनवणारी पेशी व्हायला शिकवायचं. एकदा ती शिकली की विभागणं थांबवते आणि मुकाट काम करते. पिशवीच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन आरपार जातात. पेशी मात्र बाहेर येऊ शकत नाही आणि शरीराचे पहारेकरी आत शिरू शकत नाहीत.

एकेचाळीस रुग्णांना बटवे बसवले होते. छत्तीसजणांची सुई पूर्ण सुटली होती. शुक्रवारी दिल्लीच्या समितीने मान्यता दिली की बटवा विक्रीला येणार, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कंपनी शेअर बाजारात उतरणार होती.

*

कंपनीत नवं यंत्र आलं होतं. जुन्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली वीस-तीस पेशींची गुणसूत्रं डोळ्यांनी तपासायची. हे यंत्र एका नमुन्यातल्या पन्नास हजार पेशी एकेक करून वाचायचं. शेताच्या बांधावर साखळी घेऊन येणाऱ्या सरकारी माणसासारखं, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव 'मोजणीदार' ठेवलं. त्याचं प्रमाणीकरण शाल्मलीकडे होतं. म्हणजे यंत्र जे सांगतं ते खरंच असतं का, हे पन्नास प्रकारे पडताळायचं आणि शेवटी अहवालावर सही करायची. ती सही होईपर्यंत मोजणीदाराच्या आकड्याला कागदोपत्री काडीची किंमत नव्हती.

पडताळणीसाठी साधारण माहितीतले नमुने घेतात. शाल्मलीने गोठवून ठेवलेल्या पेशीसाठ्यांतली एकेक कुपी घेतली. कंपनीकडे एकच मूळ साठा होता आणि त्यापासून वाढवलेले तीन कामाचे साठे. पहिला स्वच्छ निघाला. दुसराही. तिसऱ्यात पन्नास हजारांपैकी साडेचारशे पेशींमध्ये विसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा दोनदा होता.

तिने कुपी बदलून पुन्हा लावलं. चारशे बत्तीस. सोमवारी तिसऱ्यांदा लावलं तेव्हा चारशे सत्तर. शंभरात एकही नाही, पण होत्या.

हा तुकडा तिला पाठ होता. पुस्तकात तो होताच, पेशी वाढवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेचा हा जुना शत्रू. त्या तुकड्यावर एक जनुक असतं, जे पेशीला 'मरू नकोस' असं सांगतं. साधी पेशी गर्दी झाली, उपासमार झाली की शहाण्यासारखी मरते. हा तुकडा दोनदा असलेली पेशी मरत नाही. भांडं स्वच्छ आणि मोकळं ठेवलं तर तिला काही फायदा नसतो. पण भांड्यात दाटी झाली, खाणं संपलं, की इतर मरतात आणि ही उरते. शिवाय अशा पेशी शिकवणीत ढ. सगळं शिकवूनही काही अर्धवट राहतात आणि विभागत राहतात. बटव्यात विभागत राहणारी पेशी म्हणजे गाठीचं बी.

तिसऱ्या साठ्यातून एकोणीस रुग्णांचे बटवे बनले होते. प्रत्येक बटव्याबरोबर एक छोटा नमुना राखून ठेवतात. शाल्मलीने एकच काढला.

सतरा नंबर. शंभरात दोन पूर्णांक सहा.

तिने हातमोजे काढले. दीड वर्षापूर्वी, बसवायच्या दिवशी दोन पूर्णांक सहा. आज किती?

*

आता 'कधी' हे शोधणं भाग होतं. कुठल्या तरी दिवशी भांड्यात दाटी झाली असणार. तिने तिसऱ्या साठ्याची नोंदवही काढली. रोज सकाळी पेशींना ताजं खाद्य द्यायचं आणि चौथ्या दिवशी त्या उचलून नव्या भांड्यांत विरळ पेरायच्या, असा क्रम. प्रत्येक कामापुढे दोन सह्या: करणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. पान न पान बिनचूक. चौदावी पेरणी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. केली, कु. पांचाळ. पाहिली, शा. उपळेकर.

तिने दुसरीकडे उबवणपेटीच्या दाराची नोंद उघडली. ही माणूस लिहीत नाही. दार उघडलं की पेटी स्वतः लिहिते. तिथे त्या दिवशी काहीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी सहाला दार बंद झालं होतं आणि उघडलं होतं ते तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला. एकेचाळीस तास.

तारीख बघून तिने कॅलेंडर काढलं. काढायच्या आधीच तिला आठवलं होतं.

खंडेनवमी. तिची नोकरीतली पहिली. निर्जंतुक खोलीत झेंडू नेता येत नाही, फुलातल्या बुरशीने सगळं नासेल. म्हणून पेशीवाढ विभागाच्या प्रमुख कुसुमताई पांचाळ ह्यांनी बाहेरूनच, काचेच्या खिडकीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, खाली पाट मांडून त्यावर जुन्या पिपेटी, चिमटे आणि एक मोडका सूक्ष्मदर्शक ठेवला होता. शाल्मलीने आपट्याची पानं आणली होती. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि ती आत जायला निघाली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या, "अगं वेडी का तू? पुजलेल्या हत्याराला आज हात लावतात का? काल त्यांना दुप्पट खाऊ घातलंय मी. उद्या सोनं वाटून झालं की करू."

आणि दसऱ्याला पेरणी झाल्यावर नोंदवही पुढे सरकवून, "हितं कर गं सही, कालच्या रकान्यात." तिने केली होती. तेवीस वर्षांची होती, ताई करतील ते बरोबर असं धरून चालत होती.

*

कुसुम पांचाळ ह्यांच्यासारखा हात कंपनीत दुसरा नव्हता. वय चोपन्न. आधी वीस वर्षं केळीची रोपं काचेच्या बरण्यांत वाढवायची प्रयोगशाळा त्यांनी सांभाळली होती. पेशींचं भांडं उजेडात नुसतं तिरकं धरून त्या सांगायच्या, "ह्या आज रुसल्यात." आणि तपासलं की निघायच्याच. शाल्मलीला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं. गेली तीन वर्षं त्यांच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त असायच्या, वाईवरून सकाळी लवकर निघणाऱ्या मुलीसाठी.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर शाल्मलीने सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवून, आकड्यांसकट.

कुसुमताईंचा घास हातात राहिला.

"एका दिवसानं काय होतंय गं?"

"एक दिवस नाही, ताई. एकेचाळीस तास. भांडी गच्च भरली असणार. ज्या मरायच्या त्या मेल्या, ज्या मरत नाहीत त्या राहिल्या."

"दुप्पट खाद्य घातलं होतं मी."

"खाद्याचा प्रश्न नव्हता. जागेचा होता."

"नंतर तपासणीत पास झाला ना तो साठा? तुमच्याच खात्यानं पास केला."

"वीस पेशी बघून केला. विसांत कशी सापडणार?"

कुसुमताईंनी डबा बंद केला. झाकण नीट बसलं नाही, तशीच पिशवीत घातला. "माझा बाप सुतार होता. नवमीला रंधा, वाकस, करवत पाटावर. गावात कुणाची तिरडी बांधायची असली तरी दुसऱ्याकडून पटाशी मागून आणायचा, पण पाटावरच्याला हात नाही. आम्ही असंच वाढलो. माझ्या हातून वाईट व्हावं म्हणून केलं का मी ते?"

"मला माहीत आहे, ताई."

"तुला काय माहीत आहे? उद्या तपासनीस येतील, ते म्हणतील खोटी नोंद. माझं वय बघ. ह्यांची दोन ऑपरेशनं झालीत. आणि तुझीबी सही आहे त्याच्यात, विसरू नको. तू काय कुकुलं बाळ होतीस?"

"नव्हते."

"मग? यंत्राला अजून मान्यता नाही म्हणतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडायची कुणी सांगितली तुला?"

बुधवारी कुसुमताईंच्या डब्यात त्यांच्यापुरत्याच भाकऱ्या होत्या, आणि त्या दुसऱ्या टेबलावर बसल्या.

*

बुधवारी दुपारी तिने डॉ. हेमांगी सबनीसांची वेळ मागितली. सबनीस मॅडमनी ही कंपनी एका भाड्याच्या गाळ्यात सुरू केली होती. आता दोनशे बारा माणसं होती. त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत पहिला बटवा होता, वेडावाकडा, हाताने शिवलेला.

त्यांनी आकडे वाचले. दोनदा वाचले. चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"मोजणीदाराचं प्रमाणीकरण कधी संपतंय?"

"पडताळण्या संपल्यात, मॅडम. सही राहिलीय."

"मुदत पुढच्या महिन्याअखेर आहे. घाई कशाला?" मग त्यांनीच मान हलवली. "नाही, मी तुझ्याशी अशी बोलणार नाही. नीट ऐक. पडद्यातून पेशी बाहेर येत नाही. शेळ्यांमध्ये तीन वर्षं आपण बघितलंय. बरोबर?"

"पडदा शाबूत असेल तर. आणि त्या शेळ्यांमध्ये पहिल्या साठ्याच्या पेशी होत्या."

"ठीक. आता समज, तू आज सही केलीस. चोवीस तासांत मला दिल्लीला कळवावं लागेल. शुक्रवारची बैठक रद्द. शेअर बाजार रद्द. आपल्याकडे एकच औषध आहे, एकच कारखाना आहे, एकच मूळ साठा आहे. अकरा आठवडे कशीबशी चालेल कंपनी. मग टाळं. तेव्हा त्या एकोणीस माणसांकडे कोण बघणार? त्यांचे बटवे काढायला शस्त्रक्रिया लागेल. ती कोण करणार, कुणाच्या जोरावर? मी जिवंत राहिले तर मी त्यांना वाचवू शकते. शुक्रवारी मान्यता घेऊ. पैसा आला की दोन महिन्यांत सगळ्यांना बोलवू, 'सुधारित बटवा' म्हणून बदलून देऊ. पहिल्या साठ्यातला. कुणालाही इजा न होता."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच शाल्मलीला भीती वाटली. खोटं असतं तर उठून जाता आलं असतं. सगळं पटत होतं.

मग तिला एक पान आठवलं.

शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीला गुंतवणूकदारांसाठी एक जाडजूड पुस्तक काढावं लागतं. त्यात 'जोखमीचे घटक' नावाचं प्रकरण असतं. आपलं काय काय वाईट होऊ शकतं, हे सगळं आपल्याच तोंडाने सांगायचं. मधुकोशचं ते प्रकरण त्रेचाळीस पानांचं होतं. त्यातली विज्ञानाची वाक्यं तपासायला शाल्मलीकडे दिली होती. कुसुमताईंनी ते चाळून विचारलं होतं, "एवढं अशुभ छापलंय, तर पैसे कोण घालणार गं?" आणि ती म्हणाली होती, "सगळेच घालतात, ताई. वाचत कुणी नाही." तिने मात्र वाचलं होतं. विज्ञानाचं नव्हतं तेही.

"मॅडम, पान एकतीस," ती म्हणाली.

"काय?"

"जोखमीच्या प्रकरणातलं. चाचणीतल्या रुग्णांचा विमा मान्यतेच्या दिवशी संपतो. त्यानंतरच्या खर्चाला कंपनी पुरी पडेलच असं नाही, असं आपण लिहिलंय." "आज कळवलं तर बटवे काढण्याचा खर्च विमा देईल. कंपनी राहो न राहो. शुक्रवारनंतर तो फक्त कंपनीवर येईल. आणि शेअर विकले गेले नाहीत, किंवा समितीनं आणखी काही विचारलं, तर..."

सबनीस मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी काचेच्या पेटीकडे बघितलं.

"ते वाक्य मी घातलंय," त्या म्हणाल्या. "वकिलाला नको होतं. मी म्हटलं, असू दे, खरं आहे." डोळे मिटून त्यांनी कपाळ चोळलं. "तुझ्या एकटीच्या सहीनं काही होत नाही, शाल्मली. दुसरी सही पेशीवाढ विभागाच्या प्रमुखाची लागते."

म्हणजे कुसुमताईंची.

"ती झाली तर कागद माझ्याकडे आण. मी कळवीन." त्यांनी दाराकडे बघितलं. "नाही झाली तर शुक्रवारी अकरा वाजता बैठक आहे."

*

गुरुवारी सकाळी फाट्यावर बस थांबली.

"मॅडम, बिल्ला असा चमकवलाय की दिल्लीवाल्यांचे डोळे दिपतील," जगदाळे म्हणाले. मग आरशातून नीट बघून, "तब्येत बरी न्हाई का? डोळं सुजल्यात."

"झोप झाली नाही, मामा."

"परीक्षा माझी, आन जागताय तुमी!"

ती उतरली. बस दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभी राहिली. बावन्न माणसं, तीन सेकंद, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दुपारपर्यंत तिने दोन कागद तयार केले. एक मोजणीदाराचा प्रमाणीकरण अहवाल. दुसरा, झालेल्या चुकीची कबुली देणारा अहवाल: खंडेनवमीच्या दिवशी चौदावी पेरणी झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली, नोंद मागाहून केली गेली, पाहणारी म्हणून केलेली माझी सही खोटी आहे. दोन्हींवर तिने आपली सही आणि वेळ घातली.

कुसुमताई पेशीवाढ विभागाच्या बाहेरच्या खोलीत, त्याच काचेजवळ उभ्या होत्या. शाल्मलीने कागद पुढे केले नाहीत. तिने फक्त एक छायाचित्र टेबलावर ठेवलं, सतरा नंबरच्या राखीव नमुन्याचं. सहा आठवड्यांची शिकवणी पुरी झालेल्या पेशी, सगळ्या गोल, सारख्या, आपापल्या जागी. आणि मधे एका ठिकाणी घट्ट, चकचकीत कडेचा एक पुंजका.

कुसुमताईंनी नको नको म्हणत बघितलं. मग चष्मा लावून बघितलं. मग खिडकीशी नेऊन, सवयीने, उजेडात तिरकं धरलं.

"ह्या शिकल्याच नाहीत," त्या पुटपुटल्या.

"नाही."

"किती बटव्यांत?"

"एकोणीस. हा जगदाळे मामांचा."

"डायवर?" त्या खाली बसल्या. "मागल्या दसऱ्याला सोनं द्यायला आला होता तो. माझ्या पाया पडला, सगळ्यांदेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हटलं मी कोण?" त्यांनी छायाचित्र उपडं ठेवलं. पुन्हा सुलटं केलं. "हे माझ्या हातचं काम नाही असं म्हणावंसं वाटतंय बघ. पण आहे."

आत पंख्याचा घरघराट चालू होता. काचेवर दर वर्षी बोटं ओढायच्या जागी हळदीचा पुसट पिवळा डाग राहिला होता; कितीही पुसला तरी जायचा नाही.

"हत्यार पुजायचं कशाला, तर काम चांगलं व्हावं म्हणून," कुसुमताई म्हणाल्या. "मी कामच थांबवलं. बापानं थोबाडीत दिली असती." त्यांनी हात पुढे केला. "आण ते कागद. लपवून काय ठेवलेस पाठीमागं, दिसत नाही का मला?"

त्यांनी पहिल्या कागदावर सही केली. दुसरा कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत, एकेक ओळ. सही केली आणि वेळेच्या रकान्यापाशी थांबल्या.

"वेळ काय घालू?"

शाल्मलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आत्ताची, ताई."

दोन वाजून वीस मिनिटं, असं कुसुमताईंनी लिहिलं.

*

शुक्रवारची बैठक झाली नाही. पुढच्या चार महिन्यांत एकोणीस शस्त्रक्रिया झाल्या. खर्च विम्याने दिला. तपासनीस सहा दिवस नोंदवह्या घेऊन बसले. कुसुमताईंची नोकरी गेली, शाल्मलीला सहा महिने कुठल्याही कागदावर सही करायला मनाई झाली. दोनशे बारांतली सत्तर माणसं उरली. सबनीस मॅडम पहिल्या साठ्यावर पुन्हा चाचणी मागायला दिल्लीला खेटे घालत होत्या. मिळेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

काढलेले बटवे एकेक करून गोठवलेल्या डब्यांतून शाल्मलीच्याच टेबलावर आले. सतरा नंबरचा तिने स्वतः उघडला. शंभरात अकरा. पडदा फाटलेला नव्हता. एका कोपऱ्यात, शिवणीपाशी, तो आतून फुगून ताणला गेला होता, कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्याइतका पातळ.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जगदाळे बसमध्ये दिसले. स्टिअरिंगवर कुणी तरुण चालक होता. मामा तिकिटाचं यंत्र गळ्यात अडकवून बाकांमधून येत होते. छातीवर बिल्ला होता, पण आता वाहकाचा. शर्टाच्या खिशात इन्सुलिनचं पेन.

"कुठं?" त्यांनी विचारलं. रोजच्या माणसाला विचारतात तसं नाही.

"शिरवळ."

तिकीट फाडून त्यांनी तिच्या हातात दिलं, आणि गेले नाहीत. मागे कुणी तरी सुट्टे मागत होतं.

"डॉक्टरनं काय सांगितलं न्हाई नीट. म्हणले, कंपनीला इचारा. माझ्या बटव्यात काय होतं?"

शाल्मलीने सांगितलं. अकरा टक्के. ताणलेला कोपरा. तो किती दिवस टिकला असता हे माहीत नाही. कदाचित दहा वर्षं, कदाचित ह्या दिवाळीपर्यंत. खंडेनवमीचंही सांगितलं, आणि त्या रकान्यातल्या आपल्या सहीचं. ते सांगताना ती तिकिटाकडे बघत होती.

मामा दांडीला धरून उभे होते. गाडी खंडाळ्याच्या वळणावर कलली, ते कलले नाहीत.

"परत मिळंल का?"

"माहीत नाही, मामा."

"हं." ते पुढच्या बाकाकडे वळले. कुणाला तरी पास दाखवायला सांगितला, कुणाची पिशवी वाटेतून उचलायला लावली.

फाटा जवळ आला. शाल्मली उठली नाही. नव्या चालकाला ह्या फाट्याचं काही देणंघेणं नव्हतं. ती रोज पुढे शिरवळला उतरून एक किलोमीटर मागे चालत यायची. खिडकीतून कंपनीची पाटी दिसू लागली.

टक्. तिकिटाचं यंत्र दांडीवर एकदा आपटलं.

चालकाने आरशात बघितलं. "हितं थांबा नाय, मामा."

"ठाऊक हाय मला," जगदाळे म्हणाले. "थांबव."

बस थांबली. शाल्मली उठून दाराकडे गेली. मामा तिच्याकडे बघत नव्हते, त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं, मागून काही येतंय का ते बघत होते.

"उतरा," ते म्हणाले.